भाकरीवरची खसखस

मिसना कशाकशाचा राग यायचा हे सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही, पण त्यात पहिला मान 'ऑब्व्हियसली' या शब्दाचा. वर्गात कुणी म्हणालं, "ऑब्व्हियसली, सूर्य पूर्वेला उगवतो," की त्या हातातलं काम थांबवून विचारायच्या, "टू हूम?" उघड आहे, पण कुणाला? तू पाहिलास उगवताना? कुठून? कुठल्या महिन्यात? बोलणाऱ्याने सुट्टीच्या दिवशी दुपारी बाराच्या आत डोळे उघडलेले नसायचे, सूर्योदय कुठला बघणार? तो गप्प बसला की मिस समाधानाने म्हणायच्या, "मग असं म्हण, की उगवतो असं मी ऐकलंय."

मिल्टन कीन्समधल्या आमच्या शाळेत, सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीला असताना, मी त्यांच्याकडे खगोलशास्त्र शिकले. ए-लेव्हलचे तीन विषय होतेच, त्यांच्या डोक्यावर हा चौथा, हौसेचा. एका युनिव्हर्सिटीचा पहिल्या वर्षाचा प्राथमिक कोर्स शाळेत बसूनच करायचा, आणि पास झालं की पुढे कॉलेजात त्याचं क्रेडिट मिळायचं, अशी सोय होती. निदान माहितीपत्रकात तरी तसं लिहिलेलं होतं. आम्ही सहाजणांनी नावं दिली. त्यातल्या चौघांना वाटलं होतं की रात्री शेतात तंबू ठोकून दुर्बिणी लावायच्या आणि बरोबर मार्शमेलो भाजायचे.

मिस त्या युनिव्हर्सिटीने नेमलेल्या ट्यूटर. नागपूरहून तरुणपणी शिकायला आल्या त्या इथेच राहिल्या, जन्मभर वेगवेगळ्या शाळांत फिजिक्स शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून हे काम धरलं. वय सत्तरीला टेकलेलं. तरी आम्हांला त्या मिसच. इथे शाळेतली बाई आजीच्या वयाची असली तरी मिसच असते. वर्गात त्या अगदी घोटीव इंग्रजी बोलायच्या. माझ्याशी एकटीशी बोलायची वेळ आली की मात्र नागपूर बाहेर यायचं, आणि आम्ही सगळेच त्यांच्या दृष्टीने 'पोट्टे' होतो. फोन उचलल्यावर हॅलो म्हणायची त्यांना सवयच नव्हती. पलीकडे कौन्सिलची बाई असो की दातांच्या दवाखान्यातली, आधी खणखणीत "जयभीम", मग काय ते काम. चौदा एप्रिलला निळी साडी नेसून, वर रेनकोट चढवून त्या लंडनला, कॅमडेनमधल्या बाबासाहेबांच्या घरी जायच्या, आणि तो दिवस वर्गाचा असला तर वर्ग आदल्या दिवशी घ्यायच्या. पण वर्ग बुडवायच्या नाहीत.

आणखी एक गोष्ट आताच सांगून टाकते, कारण मिसनीही ती आम्हांला पहिल्याच दिवशी सांगितली होती. त्यांना दिसत नव्हतं. म्हणजे सगळंच नाही असं नव्हे. नजरेच्या मधलं गेलं होतं, कडेचं शिल्लक होतं. "मला ही खोली दिसते," त्या म्हणाल्या, "तुमचे चेहरे दिसत नाहीत. तेव्हा माझ्यासमोर तोंडं वेडीवाकडी करायला हरकत नाही. फक्त बाजूला उभं राहून करू नका, बाजूचं मला दिसतं." कुणी हसलं नाही. हसावं की नाही हेच कळत नव्हतं. मग त्याच म्हणाल्या, "हसा की. तुमच्या वयात मीही हसले असते."

वर्ग शनिवारी सकाळी. खगोलशास्त्राचा वर्ग आणि सकाळी? पहिल्याच आठवड्यात आमच्यातल्या अमाने, ती घानाची, आणि तिला मनात आलेलं तोंडावर बोलायची सवय, हे विचारलं. मिस म्हणाल्या, "रात्री झोपायचं असतं. आकाश दिवसाही जागच्या जागी असतं, कोणी उचलून नेत नाही." आणि खरंच, दीड वर्षात आम्ही जे काही पाहिलं ते दिवसा. सकाळचा फिकट चंद्र. दुर्बिणीच्या तोंडावर चांदीच्या वर्खासारखी चकती बसवून पाहिलेला सूर्य. एकदा, भर उजेडात, शुक्र. बाकी बहुतेक शनिवारी ढग. ढग असले तरी बाहेर जायचं, दहा मिनिटं वर बघायचं आणि लिहायचं: 'ढग. काही दिसलं नाही.' हे लिहिताना आम्हांला लाज वाटायची, काहीतरी चोरून केल्यासारखं. मिस म्हणायच्या, "जे दिसलं नाही ते दिसलं नाही असं लिहिणारे फार थोडे असतात. तुम्ही त्यांच्यातले व्हा, मग भले नापास व्हा."

लॅबच्या टेबलावर एक जुना प्रेशर कुकर असायचा. दांडी मोडलेली, शिट्टी हरवलेली. वर्ग सुरू होण्याआधी सगळ्यांचे फोन त्यात जायचे. आकाशाकडे धरलं की ताऱ्यांची नावं सांगणारं ॲप असतं ना, त्याच्याशी मिसचं उभं वैर. "ते तुम्हांला काय दिसायला पाहिजे ते सांगतं," त्या म्हणायच्या, "मला तुम्हांला काय दिसलं ते पाहिजे." एका शनिवारी त्यांनी आम्हांला विचारलं, धातूच्या बंद भांड्यात फोन वाजेल का? सगळे एका आवाजात नाही म्हणालो. पुस्तकातच होतं तसं. मिसनी झाकण लावलं आणि आपल्या फोनवरून अमाला फोन लावला. कुकर आतून गाऊ लागला. दोन मिनिटं नुसता गोंधळ. मिस मात्र अशा खुश, की विचारू नका. "पुस्तक चुकलं का?" अमाने विचारलं. "पुस्तक बरोबर आहे," मिस म्हणाल्या, "पण पुस्तकाने हा कुकर पाहिलेला नाही. याचं रबर गेलंय, फट राहते."

डोळे गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात त्यांनी आपलं ड्रायव्हिंग लायसन्स स्वतःहून परत पाठवलं होतं. मिल्टन कीन्समध्ये गाडी नसणं म्हणजे हातपाय बांधून बसणं. पण मिस शहराच्या त्या तांबड्या पायवाटांवरून, रेडवेवरून, लाल छत्री घेऊन चालत यायच्या. पाऊस असो वा नसो, छत्री उघडी. ती सायकलवाल्यांसाठी होती. "मला ते दिसत नाहीत, तर निदान मी तरी त्यांना दिसायला नको का?" त्यांच्याबरोबर पूर्वी काम केलेल्या एका शिक्षिकेने मला सांगितलं, की गाडी होती तेव्हा मिस राउंडअबाउटवरून मुद्दाम बाहेर पडत नसत. बोलणं पुरं होईपर्यंत गोल गोल फिरत राहायच्या. बरोबरचा माणूस उलटीला आला की म्हणायच्या, "बुध वर्षातून चार वेळा फिरतो, तो तक्रार करतो का?"

बुधाचं नाव मिसच्या तोंडी असं सारखं यायचं. त्याला कारण होतं, आणि ते आम्हांला हळूहळू कळलं.

बुध कधीकधी सूर्य आणि पृथ्वी यांच्या बरोबर मधून जातो. तेव्हा सूर्यावरून एक काळा ठिपका सरकताना दिसतो. याला अधिक्रमण म्हणतात. हे वरचेवर होत नाही. शतकात तेराचौदा वेळा, आणि त्यातलं काही तुमच्या देशात रात्र असतानाच उरकून जातं. मिसनी ते जन्मात एकदा बघायचं ठरवलं होतं. दोनदा संधी आली. दोन्ही वेळा मे महिना होता, आकाश निळंशार होतं, आणि दोन्ही वेळा मिस परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक होत्या. पडदे ओढलेले. "दोनशे पोट्टे खाली मान घालून लिहून राहिले," त्या मला म्हणाल्या, "आणि पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडलेली. मी त्या पट्टीकडे बघत उभी. म्हटलं, याच्यातच आहे तो कुठेतरी." दुसऱ्या खेपेला तर त्या रिटायर झाल्या होत्या. पण शाळेला माणूस कमी पडलं म्हणून बोलावलं आणि त्या नाही म्हणाल्या नाहीत.

तिसरी संधी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात येणार होती. त्यानंतरची आणखी तेरा वर्षांनी. यावेळी परीक्षा नव्हती, पण डोळे नव्हते. सूर्यावरचा तो ठिपका कडेच्या नजरेला पकडता येण्याएवढा मोठा नसतो. हे मिसनी आम्हांला कवायतीची सूचना द्यावी तसं कोरडेपणाने सांगितलं. "तेव्हा तुम्ही बघायचं. मी ऐकणार. आणि मला नीट ऐकायला यायला पाहिजे."

आता त्यांच्या शिकवण्याच्या रितीबद्दल सांगायला हवं. ती त्यांची स्वतःची होती, दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. दोघांची जोडी करायची. एकाने बघायचं आणि बोलायचं. दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून बसायचं आणि ऐकून काढायचं. बघणाऱ्याने कागदाकडे वळायचं नाही, काढणाऱ्याने वस्तूकडे. मार्क चित्राला, आणि दोघांना सारखेच. माझी जोडीदार अमा. पहिल्या दिवशी मिसनी पिशवीतून एक फ्लॉवरचा गड्डा काढून माझ्यासमोर ठेवला. नाव घ्यायचं नाही, वर्णन करायचं. मी म्हटलं, "पांढरं आहे, वर गोल गोल आहे, खाली दांडा आहे, बाजूने पानं." अमाने झाड काढलं, वर ढग असलेलं. मिस चित्र डोळ्याच्या अगदी कडेला धरून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "याची भाजी कशी करणार?"

त्यांना विशेषणांचं वावडं होतं. लहान म्हटलं की "कशापेक्षा?" काळं म्हटलं की "कशासारखं?" सुंदर म्हटलं की फक्त उसासा. मला त्या काळात हे सगळं छळ वाटायचं. मी बाराव्या वर्षी इथे आले. इंग्रजी माझं बरं होतं, पण घाईत शब्द निसटायचे, आणि अमा पाठमोरी बसून पेन्सिल आपटत, "वेअर? हाऊ बिग? कम ऑन," करत असली की जास्तच निसटायचे. एकदा मी चिडून मिसना मराठीत म्हटलं, "मला दिसतंय हो, सांगता येत नाहीये." त्या म्हणाल्या, "मग अजून दिसलं नाही."

या वाक्यावर मी त्यांच्याशी आठवडाभर मनातल्या मनात भांडले. अजूनही ते पुरतं पटलंय असं नाही. आपल्याला कितीतरी गोष्टी दिसतात ज्या सांगता येत नाहीत, आणि त्या खऱ्या नसतात असं मी म्हणणार नाही. पण मिसच्या जागी बसून विचार केला की वाटतं, त्यांच्यापर्यंत जे पोचलं तेवढंच त्यांच्यासाठी जगात होतं. न सांगितलेलं त्यांना कुठून दिसणार?

आईला हा वर्ग आवडत नव्हता. ती इथल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, आणि मीही मेडिसिनला जावं हे घरात केव्हाच ठरलेलं होतं, माझ्यासकट. मेडिसिनच्या प्रवेशपरीक्षेची तयारी जवळ आली तेव्हा शनिवार मोकळा करायला म्हणून ती स्वतः मिसना भेटायला आली.

"मॅडम, तुमच्याबद्दल आदरच आहे," आई म्हणाली, "पण हे क्रेडिट मेडिसिनला काउंट होत नाही. मी ॲडमिशन्सला ई-मेल करून विचारलंय. मग शनिवारचा टाइम कशाला वेस्ट करायचा?"

"नाहीच होत," मिस म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत हे भल्ली चांगलं केलं. इथे कुणी विचारत नाही." मग छत्री मिटत म्हणाल्या, "डॉक्टर, एक सांगा. पेशंट म्हणतो, दुखतंय. तुम्ही काय विचारता?"

"कुठे, केव्हापासून, कसं."

"आणि त्याला सांगता नाही आलं तर?"

"तर मग आम्ही स्कॅन करतो," ती म्हणाली.

"तेच तर," मिस म्हणाल्या. "माझ्याकडे स्कॅन नाही." घरी जाताना तिसऱ्या राउंडअबाउटला आई म्हणाली, "बाई विक्षिप्तच आहेत. पण एवढा कोर्स पुरा करून टाक."

नोव्हेंबर उजाडला आणि नवंच विघ्न आलं. अधिक्रमण सोमवारी दुपारी होतं, शाळेच्या वेळेत, शाळेच्या मैदानावर. म्हणजे सायन्सच्या हेडची परवानगी पाहिजे. ते तरुण होते, सरळ होते, आणि त्यांनी नाही म्हटलं. दुर्बिणीतून सूर्य बघताना पुढची चकती निसटली तर डोळा कायमचा जातो. तिथे लक्ष ठेवणारं माणूस असं, की ज्याला चकती आहे की नाही तेच दिसत नाही. आम्ही सगळे त्यांच्यावर खवळलो. अमाने तर मुख्याध्यापकांकडे तक्रार करायची भाषा केली. मिसनी तिला गप्प केलं.

"त्यांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. डोळे काय असतात ते मला विचारा."

मग त्या हेडकडे गेल्या. जाताना दुर्बीण आणि आम्हां सहाजणांना घेऊन गेल्या, आणि आमची नेहमीची पद्धत करून दाखवायला सांगितली. सूर्याकडे वळवण्याआधी एकेकाने पुढे व्हायचं, चकतीला हात लावायचा, हलवून बघायची आणि मोठ्याने "ऑन" म्हणायचं. तिघांचे तीन 'ऑन' झाल्याशिवाय कुणी डोळा लावायचा नाही. आम्हांला वाटायचं ही मिसच्या अंधत्वाची सोय. पण ही रीत त्यांनी पहिली नोकरी लागल्यापासून, दोन्ही डोळे शाबूत असतानाच चालू केली होती. बघून भागलं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, हात लावला पाहिजे.

हेडनी सगळं शांतपणे पाहिलं. "आणि वाऱ्याने निघाली तर?" त्यांनी विचारलं.

"म्हणून तर कुणीतरी तिथे हात ठेवून उभं राहायला पाहिजे," मिस म्हणाल्या. "डोळस, आणि जबाबदार. मी तुमचाच विचार करत होते."

सोमवारी दुपारी ते खरोखरच आले. कोट घालून, पोरांचा एक तास दुसऱ्या कुणाला तरी देऊन. आणि दुर्बिणीच्या तोंडाशी, चकतीच्या कडेला बोटं लावून उभे राहिले.

ढग. हलणारे, पण एकामागून एक, संपतच नव्हते. शाळेच्या छपराच्या वर कुठेतरी सूर्य असल्याची एक पिवळट खूण. मिसनी नंबर लावून दिले होते: एक बघणार, बाकीचे पाठ करून कागद घेऊन बसणार, ठराविक वेळाने पुढचा. त्या स्वतःही फोल्डिंगच्या खुर्चीत पाठ करून बसल्या, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, कागदावर आधीच काढलेलं एक मोठं वर्तुळ. पहिल्याचा नंबर ढगात गेला. दुसऱ्याचाही. अमाच्या वेळी थेंब पडायला लागले आणि हेडनी एकेक हात चकतीवर ठेवत आपला कोट काढून दुर्बिणीवर धरला. लांब तांबडी छत्री उघडून मिस बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. त्यांनी एकदाही आकाशाबद्दल विचारलं नाही. फक्त पेन्सिल या बोटातून त्या बोटात फिरवत होत्या. ते बघून मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू.

चौथा नंबर माझा. थेंब थांबले होते. मी डोळा लावला. करडं. करडं. मग एकाएकी कडा आली, मग पूर्ण सूर्य, फिकट, अगदी गोल.

"आला," मी म्हटलं. मागे सगळ्यांच्या पेन्सिली सरसावल्याचा आवाज. "सूर्य आला. देअर्स अ डॉट. आय कॅन सी अ डॉट."

"कुठे?" मिस इंग्रजीत.

"इनसाइड. नॉट ॲट द एज. इट्स स्मॉल, इट्स…"

"स्मॉलर दॅन व्हॉट?"

आणि माझं इंग्रजी गेलं. होतं नव्हतं सगळं. ढगाची पुढची कडा खालून वर चढायला लागलेली मला दिसत होती. मला वाटलं उठावं, अमाला बसवावं, तिला शब्द सुचतात. मी खुर्चीवरून हलले असेन, कारण मिस मराठीत म्हणाल्या, "हलू नकोस. तिथंच राह्य. काय दिसून राहिलं ते सांग."

"मिस, सूर्य भाकरीएवढा धरा. मोठी भाकरी, ताटभर."

"धरली."

"तिच्यावर एक खसखस."

"तीळ नाही?"

मी पुन्हा पाहिलं. "नाही. तीळ मोठा होईल. आणि तीळ लांबट असतो. हा गोल आहे. खसखस. पण काळी. जळल्यासारखी भुरकट नाही, ठार काळी. भाकरीला भोक पडून पलीकडचा अंधार दिसावा तशी. दुसरा डाग एकही नाही. सगळी भाकरी कोरी."

"कुठे?"

"डाव्या कडेपासून निघून मध्याकडे चाललीय. मध्यापर्यंतची अर्ध्याहून जास्त वाट आलीय. मध्यावर अजून पोचली नाही. मध्याच्या किंचित खालून जाईल असं वाटतं."

"वाटतं नको."

"आत्ता मध्याच्या किंचित खाली आहे."

मिस भराभर इंग्रजीत सांगत होत्या: ताटाएवढी गोल रोटी, काळी खसखस, डाव्या कडेपासून मध्याच्या अर्ध्या वाटेपुढे, मध्याच्या जरा खाली. अमा ओरडली, "किती खाली?" मी म्हटलं, "तशा आणखी दहाबारा खसखशी मावतील एवढी." मिसनी तेही सांगितलं. मग ढग चढला, भाकरी अर्धी झाली, चतकोर झाली, गेली. पुन्हा सूर्य निघालाच नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही थांबलो, तो पडद्याआडच मावळला.

म्हणजे आमच्या पूर्ण वर्गात बुध एकटीने पाहिला, मी. पण आवराआवर करताना सगळ्यांनी कागद शेजारी शेजारी मांडले, तर सगळ्यांचे ठिपके एकाच जागी होते. मिसचासुद्धा. त्यांना स्वतःचा ठिपका दिसत नव्हता, म्हणून त्यांनी तो पेन्सिलीचं टोक रुतवून काढला होता, बोटाला लागेल असा.

मिसनी आम्हांला ठिपक्याचा आकार आधी कधीच सांगितला नव्हता. मुद्दाम. तो सांगितला असता तर आम्हांला तेवढाच दिसला असता. घरी गेल्यावर मी हिशेब केला. सूर्याच्या रुंदीत असे जवळजवळ दोनशे बुध ओळीने बसतात. आईने काही न बोलता फडताळातून खसखशीचा डबा काढला, तव्यावरची भाकरी ताटात घेतली, आणि आम्ही दोघी माझ्या पट्टीने मोजायला बसलो. तीळ खरंच मोठा होत होता.

कोर्सच्या निरीक्षणाच्या कामात बाकीच्या पाचांनी त्या दिवसापुढे लिहिलं: 'ढग. मी पाहिलं नाही. ऐकून काढलं.' सगळे पास झाले. माझं क्रेडिट आईने सांगितलं होतं तसंच कुठेही चाललं नाही. मी मेडिसिनला गेले. आता वॉटफर्डजवळच्या एका हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर आहे, आणि पेशंट जे बोलतो ते मी त्याच्याच शब्दांत उतरवून घेते. सीनियर म्हणतात, फार लांबण लावतेस. लावते.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. दुर्बीण पेटीत गेली होती. हेड ओल्या कोटाने तिथेच उभे होते. पूर्ण दुपार त्यांनी चकतीवरचं बोट काढलं नव्हतं, म्हणून सूर्य आला तेव्हा त्यांनाही काही बघता आलं नव्हतं. ते मिसजवळ गेले, जरा वाकून, मोठ्या आवाजात, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं म्हणाले, "मग, शेवटी पाहिलात ना तुमचा बुध?"

आम्ही सगळे थांबलो. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. एकदाच. त्यांच्या मांडीवरच्या कागदावर तो होता, त्याच्यावर त्यांचं बोट होतं. हो म्हणाल्या असत्या तर कुणाचं काय बिघडलं असतं?

"नाही," मिस म्हणाल्या. "मला दिसला नाही. तो होता. हिने पाहिला."

आणि हेड कुकरमधले फोन वाटायला गेल्यावर माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला, बघत हळूच विचारलं, "खसखसच ना? तीळ नव्हता ना?"

"खसखसच, मिस."

"मग झालं."

अजूनही मी महिन्यातून एकदा फोन करते. आता कडेचंही बरंचसं गेलंय. पलीकडून खणखणीत जयभीम येतं, मग माझी नोकरी, आईची तब्येत, ब्रिटिश हवेला शिव्या. आणि ठेवायच्या आधी, दर वेळी, आत्ताच आठवल्यासारखं: "काय गं, तीळ नव्हता ना?"

पुढचं अधिक्रमण आलं की मी जोडीला असेन, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. तोवर मी दर वेळी क्षणभर थांबते, डोळे मिटते, पुन्हा एकदा नीट बघते, आणि मगच सांगते.

"नाही मिस. खसखस."